लॉत नदीकाठचा मुक्काम

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

दानूच्या पप्पांना दाक्षायणीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, तिकडे तुम्हीही ठीक असाल असं धरून लिहिते. श्रावण लागलाय. उद्या सोमवार, देवळात पहाटेपासून रांग असेल. तुमच्या अव्वांचे गुडघे धरलेत, म्हणून यंदा त्यांना रिक्षातून नेऊन लांबूनच शिखराचं दर्शन करवणार आहे. पाऊस बरा आहे. दक्षिण तालुक्यात तुरी चांगल्या आल्यात म्हणे. दानू पुण्याहून पंधरा दिवसांनी एकदा येते, कपडे धुवायला टाकते आणि झोपते. कंपनीत काम फार आहे.

पत्र लिहायची सवय गेली हो. तुम्हाला शेवटचं पत्र लिहिलं ते दानूच्या वेळी अक्कलकोटला माहेरी होते तेव्हा. पुढं कधी गरजच पडली नाही. तुम्ही खाली धान्याच्या दुकानात, मी वर घरात, जिन्यातून हाक मारली की झालं.

फोन केला असता, पण तुमचा फोन माझ्याजवळच आहे. प्रभुअण्णांनी आणून दिला, दुकानाच्या किल्ल्यांसकट. हा पत्ताही त्यांनीच इंग्रजीत लिहून दिला. तुमच्या दोघांच्या सायकल ग्रुपचा शेवटून दुसरा मुक्काम होता ना, नदीकाठी तंबू असलेला, तिथला. तुम्ही अजून तिथंच असाल असं ते म्हणाले. मी विचारलं, कशावरून? ते म्हणाले, "वैनी, तो तितं जसा बसला हुता, तसा मी त्याला आपल्या दुकानात कदी बसलेला बगितला न्हाय."

लोकांना काय सांगितलंय ते तुम्हाला माहीत असावं. सायकलवरून पडून तुमची मांडी मोडली, ऑपरेशन झालं, विमानात बसायला डॉक्टरांची परवानगी नाही. हे मी ठरवलं. सिद्धाराम भावजींना पटलं नव्हतं. म्हणाले, "वैनी, मोडलेला पाय किती दिस मोडलेला ऱ्हातो?" मी म्हटलं, तोवर ते येतील.

प्रभुअण्णा आले तेव्हा चप्पल न काढता दारातच उभे राहिले. "मी त्याला ओढलं, वैनी. खरंच दंडाला धरून ओढलं," एवढंच दोन-तीनदा म्हणाले. पाणी दिलं, बसवलं. मग मी त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं सांगायला लावलं. तुम्ही स्वतः तिथं होतात, पण बघणाऱ्याला काय दिसलं ते तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून लिहिते.

त्यांनी रस्त्याचा तो मोठा फ्रेंच नकाशा आपल्या माजघरात फरशीवर पसरला. निळी नदी, लॉत तिचं नाव, गुंडाळीतून सुटलेल्या दोऱ्यासारखी वळत गेलेली, आणि तिच्या कडेकडेनं सायकलींचा रस्ता. पहिला दिवस सपाट, म्हणाले. आपल्या होटगी रस्त्यासारखा, फक्त ट्रक नाहीत. दुसऱ्या दिवशी कडा कोरून काढलेली वाट. पूर्वी तिच्यावरून घोडे नावा ओढत न्यायचे. तिथं तुम्ही सायकल हातात धरून चाललात आणि दुसरा हात सगळी वाटभर कड्याच्या दगडावरून फिरवत होतात. मग डोंगरावरच्या गावाचा चढ. बाकीचे उतरले, तुम्ही उतरला नाहीत, वर पोचल्यावर शुगर उतरली आणि प्रभुअण्णांनी खिशातला गूळ तोंडात घातला. मग बंद पडलेल्या रेल्वेची वाट, बोगदे, आणि बोगद्यांच्या पलीकडे अक्रोडाच्या झाडांखालचे तंबू.

मी नकाशावर बोट ठेवून विचारत होते, इथं? की इथं? माणूस घरातून निघतो तेव्हा परत यायचं धरूनच निघतो. निघताना तुम्ही देवघरातला दिवा स्वतः लावलात, भिशीची तारीख भावजींना आठवण करून दिलीत. मग कुठल्या वळणावर ते सुटलं? मला वाटलं, चढाचा दिवस असेल. प्रभुअण्णा म्हणाले, नाही, त्या दिवशी तो घराबद्दलच बोलत होता. अव्वाला इथली द्राक्षं दाखवायला पाहिजेत, म्हणत होता.

तंबूच्या मुक्कामावर तुमच्या गिअरची वायर तुटली. तुम्ही पुढं जा, मी दुरुस्त करून येतो, असं म्हणालात. तिथला मालक म्हातारा, त्याच्या शेडमध्ये बसून तुम्ही स्वतःची सायकल नीट केलीत, मग त्याच्या भाड्याच्या सायकलींना हात लावलात. दुसऱ्या दिवशी सगळे स्टेशनवर वाट बघत होते. तुम्ही गाडीच्या वेळेला बरोबर पोचलात. पिशवी नव्हती. फोन आणि किल्ल्या प्रभुअण्णांच्या हातात दिल्यात आणि म्हणालात, "घरी दे. मी येत नाही."

त्यांना चेष्टा वाटली. गाडी आली तेव्हा कळलं की चेष्टा नाही.

तुमच्या व्हिसाची मुदत आता संपली असणार. पकडलं तर काय करतात, मला माहीत नाही. मी फक्त एवढंच लिहिते की या. घरात तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. मी विचारू देणार नाही. मीही विचारणार नाही. अव्वांना रोज सकाळी लिंगपूजा झाली की एकच प्रश्न असतो, "लिंगूचा फोन आला का गं?" मी सांगते, "अव्वा, तुम्ही अंघोळीला गेला होतात तेव्हा आला होता."

या. उत्तर लिहिण्यात वेळ घालवू नका, नुसते या.

तुमचीच,
दाक्षायणी


शुक्रवार पेठ, सोलापूर
रविवार, १५ जून २०२५

दानूच्या पप्पांना,

आम्ही सुखरूप पोचलो. विमानात दानूला झोप लागली, मला नाही. मुंबईहून सोलापूरपर्यंत गाडीत बसायला नीट जागा मिळाली. ऊन अजून आहे, पण वळवाचे दोन पाऊस होऊन गेलेत. भावजींनी दुकानाला रंग दिलाय. गादीवर आता तेच बसतात. वर्षभर बाजूला स्टुलावर बसून व्यापार करत होते, गिऱ्हाईक विचारायचं, "मालक कुटं हायत?" मीच सांगितलं, बसा गादीवर. बसताना त्यांचे डोळे भरले होते. मी जिन्यातून बघितलं आणि वर आले.

अव्वांनी पहिला प्रश्न विचारला, "हाड जुळलं का?" मी म्हटलं, जुळतंय. काय खातो, थंडी आहे का, अंगावर स्वेटर होता का, सगळं विचारून घेतलं. दानूनं काढलेला तुमचा फोटो त्यांना दाखवला नाही. त्यात तुम्ही दोन्ही पायांवर उभे आहात.

तुमच्यासमोर बोलता आलं नाही ते लिहायचं म्हणून बसले होते, आणि दोन पानं दुकानाच्या रंगाबद्दलच लिहिली. ती फाडली. आता लिहिते.

माझ्या चारही पत्रांना तुमचं उत्तर नव्हतं, म्हणून यायचं ठरवलं. भावजी म्हणाले, जाऊ नका, शोभा होईल. दानू म्हणाली, मी येते बरोबर, पण मी त्यांच्याशी बोलणार नाही. तिचं जमत आलेलं लग्न मोडलं, ते तुम्हाला तिथं सांगितलं नाही. पोराच्या आईनं हळदीकुंकवाला बोलावून मला विचारलं होतं, "पाय मोडलाय की संसार?" दुसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. लिंगायतात आपण पत्रिका कधीपासून बघायला लागलो, असं दानू हसून म्हणाली. हसून म्हणाली, हे लक्षात घ्या.

त्या शहरात गाडीतून उतरलो तर रविवार, तुमच्या गावाकडे एसटी नाही. दानू टॅक्सी बघत होती. स्टेशनासमोर भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. मी म्हटलं, सायकलीनं जाऊ. ती माझ्याकडे बघतच राहिली. अक्कलकोटला शाळेत असताना वडिलांची सायकल मी दांड्याखालून पाय घालून चालवायचे, तेवढीच माझी विद्या. पण बॅटरीची सायकल असते, पायडल जरा दाबलं की आपोआप पुढं जाते. दोनदा पडले, ड्रेस गुडघ्यावर फाटला. तिसऱ्यांदा जमलं. रस्ता नकाशाप्रमाणेच होता. जागोजाग खांबावर सायकलीची खूण, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही.

तुमच्या शेडपाशी आले तेव्हा तुम्ही मला बघितलं त्याच्या आधी मी तुम्हाला बघितलं होतं. हे तुम्हाला माहीत नाही. दानू मागं होती. मी कुंपणाच्या बाहेर झाडाआड सायकल धरून उभी राहिले. तुम्ही सायकल उलटी करून चाक फिरवत होता आणि तो म्हातारा काहीतरी म्हणाला, त्यावर तुम्ही हसलात. डोकं मागं टाकून. मी तुमच्याशी लग्न करून सत्तावीस वर्षं झाली. असं हसताना तुम्हाला पाहिलं असेल तर लग्न झालं त्या वर्षात कधीतरी. अंग उतरलंय, रंग काळवंडलाय, आणि चेहऱ्यावरून दहा वर्षं गेलीत.

मी काय धरून आले होते, सांगू? वाटेत कितीदा घोकून ठेवलं होतं. तुम्ही आजारी असाल, डोक्यावर परिणाम झाला असेल, मग तुम्हाला हाताला धरून आणायचं. नाहीतर बाई असेल. मी बाईच शोधत होते. दोरीवरच्या कपड्यांत बाईचे कपडे आहेत का ते आधी बघितलं. बाई असती तर तिच्या दारात बसून मी बोंब मारली असती, शिव्या दिल्या असत्या, भाषा कळो न कळो. दोरीवर तुमचे दोन शर्ट होते आणि म्हाताऱ्याची विजार.

मग तुम्ही मान वर केलीत. मला ओळखलंत, आणि तुमचं तोंड पडलं. घरी कर्जवसुलीचा माणूस आल्यावर पडतं तसं. त्या एका क्षणासाठी मी सोलापूरहून आले होते, असं समजा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी ते रोज मनात म्हणते आणि दरवेळी एखादा शब्द बदलतो, म्हणून एकदा कागदावर असू दे. दानू फाटकाच्या आत आली नाही. तुम्ही तिच्यापर्यंत गेलात आणि म्हणालात, "दानू, बारीक झालीस." ती म्हणाली, "पप्पा, चला." बोलणार नाही म्हणाली होती, तरी म्हणाली. तुम्ही खाली बघितलंत. ती नदीकडे चालायला लागली, ती मी निघेपर्यंत परत आली नाही.

आपण अक्रोडाखालच्या बाकावर बसलो. तुम्ही विचारलंत, अव्वा कशी आहे. मी म्हटलं, रोज तुमचं विचारते.

"काय सांगतेस?"

"पाय मोडलाय म्हणून."

"अजून तोच पाय?" आणि तुम्ही हसलात. मग माझ्याकडे बघून थांबलात.

मी म्हटलं, "काय कमी होतं तिथं? ते सांगा, म्हणजे मी जाते."

तुम्ही हाताचं वंगण फडक्याला पुसलंत. म्हणालात, "कमी काही नव्हतं, दाक्षा. अप्पा गेले आणि सतराव्या वर्षी मला गल्ल्यावर बसवलं. तेव्हापासून उठलोच नाही. हितं सकाळी डोळे उघडतो, तर छातीवर काही नसतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मला वाटलं मी मेलो."

"आणि ते छातीवरचं कुठं गेलं, असं वाटतं तुम्हाला? हवेत गेलं? ते कोणाच्या छातीवर ठेवून आलात?"

तेवढ्यात एक गोरा मुलगा आणि मुलगी पंक्चर झालेली सायकल ढकलत आले आणि तुम्ही चटकन उठलात. "आलोच," म्हणालात. ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधलंत, ठिगळ लावलंत, चाक बसवून स्वतः एक फेरी मारून बघितलंत. मुलीनं काहीतरी म्हटलं, त्यावर तुम्ही मान लववून दाद दिलीत. किती नीट, किती मन लावून. मी बाकावरून बघत होते आणि मला कळलं की मी मागं लागून, रडून, पाया पडून तुम्हाला आणू शकेन. एखादवेळी तुम्ही यालही. आणि आल्यावर रोज सकाळी जिन्यावरून उतरताना तुमचं तोंड तसं पडलेलं मला दिसेल. म्हणून मी उठले. तुम्हाला वाटलं असेल रागानं उठले. राग नव्हता, अंगात ताकद नव्हती.

आता एक राहिलं. हे दानूलासुद्धा बोलले नाही, आणि खरं तर हे लिहायचंच नव्हतं.

तुमच्याकडे येताना, ती कड्यात कोरलेली वाट संपली की रस्ता नदीच्या अगदी कडेला उतरतो. दोन्हीकडे उंच झाडं, पाणी संथ, आणि अंगाला वारा लागतो. दानू मागं राहिली होती. माझी सायकल उतारावर आपोआप चालली होती. मागून हाक नाही, पुढं कोणी वाट बघत नाही, कुकरवर काही नाही, अव्वांच्या गोळीची वेळ नाही, कोणाला काय सांगायचं ते ठरवायचं नाही. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते आठवत नाही. असंच जात राहावं, वळूच नये, असं वाटलं. दानूचीसुद्धा आठवण झाली नाही. मग मी घाबरून दोन्ही ब्रेक दाबले आणि पडता पडता राहिले. सायकल गवतात टाकून खाली बसले. दानू आली, म्हणाली, मम्मी, रडतेस का, लागलं का? मी म्हटलं, डोळ्यात चिलट गेलं.

तेव्हा तुम्हाला काय झालं ते मला कळलंय. तुम्हाला वाटत असेल दाक्षाला कळणार नाही, ती जन्मभर वरच्या मजल्यावर. मला सगळं कळलं. कळलं नसतं तर मी माफ केलं असतं, येडा झालाय नवरा म्हणून सोडून दिलं असतं. पण मीही त्याच रस्त्यावर होते, मलाही तेच वाटलं, आणि मी उठून सायकल उचलली. तुम्ही उचलली नाहीत. माफी आता कुठून आणू?

अव्वांचं जेवण उतरलंय. दोन घास भाकरी दुधात कुस्करून दिली तर खातात. एकदा फोन करा. म्हाताऱ्याकडे फोन असेलच. माझ्याशी बोलू नका हवं तर, त्यांच्याशी बोला. पाय जुळलाय म्हणा, काहीही म्हणा.

दानूची आई,
दाक्षायणी


सोलापूर
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

सिद्धलिंग यांस,

अव्वा लिंगैक्य झाल्या. कार्तिक संपता संपता. मळ्यातच समाधी दिली, अप्पांच्या शेजारी. सगळे आले होते, कमी काही पडलं नाही. अव्वांना बसवून न्यायचं विमान तुमच्या चुलत्यांनी बांधलं, आणि भावजींनी शेवटपर्यंत खांदा सोडला नाही.

तुम्हाला कळवायला उशीर केला. पत्र तसंही उशिराच पोचतं. दानूनं त्या म्हाताऱ्याचा नंबर शोधून फोन लावला होता, अव्वा दवाखान्यात होत्या तेव्हाच. त्यानं "सिदी, सिदी" म्हणून तुम्हाला हाक मारली, ती आम्हाला ऐकू आली. तुम्ही फोनवर आलात. दानू म्हणाली, "पप्पा, अव्वा जातेय, नुसतं बोला." तुमचा श्वास ऐकू येत होता. मी फोन अव्वांच्या कानाला लावला. त्या वाट बघत राहिल्या. तुम्ही बोलला नाहीत. मग आवाजच बंद झाला. तुम्ही ठेवला की लाईन गेली, हे मी दानूला विचारलं नाही, ती मला सांगत नाही.

त्यानंतर त्यांची नजर गेल्यासारखीच झाली. मराठी बोलायच्या थांबल्या, कानडीच तोंडात राहिली. सारखं विचारायच्या, "लिंगू बंदानेन?" लिंगू आला का. भावजींना सहन होईना. एका दुपारी ते त्यांच्या उशाशी बसले, हात हातात घेतला आणि म्हणाले, "हूं अव्वा, बंदान." आलाय. अव्वांनी तो हात धरला. बोटं एकेक करून चाचपली, तळवा उलटा करून बघितला, जसं जोंधळा हातात घेऊन बघायच्या तसं. मग हात सोडला नाही, पण मराठीत म्हणाल्या, "ह्यो सिद्धाराम हाय."

भावजी ओक्साबोक्शी रडले. अव्वा त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. पुढं चार दिवस होत्या. तुमचं नाव काढलं नाही. एकदाही नाही. मी मुद्दाम समोर जाऊन बसायचे, विचारा म्हणून. विचारत नव्हत्या. मला तेच सोसवलं नाही. रोज सकाळी विचारायच्या तेव्हा खोटं सांगायचा कंटाळा यायचा, आता वाटतं, एकदा विचारलं असतं तर मी शंभर खोटी सांगितली असती.

समाधीच्या वेळी स्वामींनी विचारलं, थोरला कुठाय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. भावजी पुढं होऊन काहीतरी सांगणार होते, पायाचंच. मी त्यांना थांबवलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाले, "थोरला आहे. जिवंत आहे, बरा आहे. तो येणार नाही."

स्वामींनी विभूती भावजींच्या हातात दिली. मातीची पहिली मूठ टाकायला स्वामींनीच दानूला पुढं बोलावलं, आपल्यात असं करतात की नाही मला माहीत नाही. तिनं टाकली. परत येताना ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रिक्षात बसली होती आणि म्हणाली, "मम्मी, तू कशी राहतेस गं?" राहते म्हणजे काय, सकाळ होते. बायका मला हळदीकुंकू लावताना क्षणभर थांबतात, मग लावतात. दुकानात बसायला लागलेय दुपारचं, भावजींना जेवायला वर पाठवून. तूर, हरभरा, जोंधळा हाताला ओळखू येतो. जेवण जात नाही. बाकी काही नाही.

दानूनं बदली मागितलीय, बंगळूरला. मी जा म्हटलं. तिच्या छातीवर मला काही ठेवायचं नाही. मग हा वरचा मजला आहे आणि मी आहे.

तुमच्या सायकलींवरून तिथं उन्हाळ्यात खूप लोक जात असतील. आता थंडीत कोण येत नसेल, तंबू गुंडाळून ठेवले असतील. तुम्हाला तिथं आईचं रडू आलं तर कोणाजवळ रडाल, तो म्हातारा काय समजेल, हा विचार माझ्या डोक्यात येतो. येऊ नये असं वाटतं, तरी येतो. त्याला त्याच्या भाषेत नुसतं 'मामाँ', म्हणजे आई, म्हणा, दानू म्हणते कळेल त्याला.

हे शेवटचं पत्र. रागानं नाही, लिहायला आता काही राहिलं नाही म्हणून. तुमची वाट बघत नाही, एवढं एक वाक्य खाली लिहून पत्र बंद करायचं ठरवून बसले होते. सकाळपासून तीनदा पेन उचललं.

ते लिहवत नाही.

दाक्षायणी